पंधरावा टाळ

चाकणच्या तळेगाव चौकात तुम्ही अडकलात. पुढे कंटेनर, मागे कंपनीची बस, डाव्या अंगाला नव्याकोऱ्या गाड्या लादलेला ट्रेलर. पुढचा रस्ता तासभर तरी सुटत नाही. तेव्हा मागे चला, चांगले पावणेचारशे वर्षं मागे. एक बँड ऐकायचा आहे.

बँडच म्हणायचं. अमेरिकेतल्या एखाद्या राज्यापुरत्या गाजलेल्या रॉक बँडचं चरित्र काढून बघा. सुरुवात दुसऱ्यांची गाणी वाजवण्यापासून होते, मग स्वतःची गाणी येतात, गावोगावचे दौरे होतात. घरचे कटकट करतात, कुणीतरी बंदी घालतं, त्याने नाव आणखी होतं. मग एक दिवस मुख्य गायक जातो आणि मागे उरलेले एकमेकांकडे बघत बसतात. यातलं सगळं इथे घडलं. मुख्य गायकाचं नाव तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. आज त्यांच्या मागे उभे राहणाऱ्या चौदा टाळकऱ्यांकडे बघायचं.

चाकण, १६४५ च्या सुमारास

चौक नाही, सिग्नल नाही. समोर संग्रामदुर्गाचा भुईकोट, त्याभोवती खंदक आणि खंदकाकडेने गेलेली बाजाराची वाट. पुणे परगण्याची जहागीर शहाजीराजांची आहे, पण लोकांच्या बोलण्यात राजे कमी आणि दुष्काळ जास्त. १६३० ते १६३२ ची ती वर्षं अजून कुणी विसरलेलं नाही. गल्लीत मधेच एखादी जागा मोकळी दिसते. तिथे घर होतं, माणसं होती.

करडईच्या ताज्या तेलाचा वास येतो तिकडे वळा. घाणा चालू आहे. डोळ्यांना झापडं लावलेला बैल गोल फिरतोय, लाकडी लाट करकरतेय, उखळीच्या भोकातून तेलाची बारीक धार मडक्यात पडतेय. पेंड खरवडणारा तरुण विशीतला. हा संताजी जगनाडे. मूळचं घर सुदुंबऱ्याचं, धंदा चाकणला. परंपरा सांगते की इथल्याच चक्रेश्वराच्या देवळात त्याने तुकोबांचं एक कीर्तन ऐकलं आणि घाणा सोडून निघायची तयारी केली. कीर्तनकारांनी त्याला सांगितलं, संसार सोडायचं कारण नाही. म्हणून घाणा अजून फिरतोय.

भिंतीच्या कोनाड्यात बघा. तेलाच्या हिशेबाच्या कागदांशेजारी एक वेगळी वही आहे. या माणसाला लिहिता येतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे फार कामाला येणार आहे.

आज एकादशी. दुपार कलली तशी संताजीने बैल सोडला, हातपाय धुतले, फडक्यात टाळ बांधले. तुम्ही मागोमाग निघालात. देहूपर्यंत तीन-चार तासांची चाल आहे. महाळुंग्यावरून जाताना तुम्ही सवयीने उजवीकडे-डावीकडे बघता. १९९९ मध्ये इथे बजाज ऑटोचा कारखाना उभा राहील, २००९ मध्ये अलीकडे फोक्सवॅगनचा. आत्ता दोन्हीकडे माळरान आणि उन्हात पिवळं पडलेलं गवत. वायव्येला भामचंद्राचा डोंगर दिसतो. तुकोबा एकांतासाठी तिथे जाऊन बसत. याच डोंगराच्या पायथ्याशी, शिंदे-वासुलीजवळ, डाऊ केमिकलचं संशोधन केंद्र यायला निघालं तेव्हा २००८ मध्ये गावकऱ्यांबरोबर वारकरीही रस्त्यावर उतरले आणि कंपनीला शेवटी तिथून निघावं लागलं. संताजीला हे सांगू नका, तो चालायचा थांबेल.

येलवाडीला मालजी गाडे येऊन मिळतात. ते तुकोबांचे जावई. सुदुंबऱ्याहून गवरशेट वाणी आलेत. खेडच्या वरच्या अंगाला कडूस, तिथून गंगाराम मवाळ येतात. स्वभावाने मऊ, म्हणून लोकांनी 'मवाळ' हेच नाव करून टाकलं, असं सांगतात. इंद्रायणी ओलांडल्यावर दक्षिणेकडून चिखलीचे मल्हारपंत कुलकर्णी भेटतात. लोहगाव हे तुकोबांचं आजोळ. तिथून नावजी माळी आणि शिवबा कासार आलेत. देहूतले महादजीपंत कुलकर्णी आणि तुकोबांचे धाकटे भाऊ कान्होबा आधीच देवळात आहेत. चौदांची यादी वेगवेगळ्या ठिकाणी थोडी वेगळी मिळते. पण नकाशा काढलात तर सगळी गावं एका टापूत बसतात. चाकण, चिखली, सुदुंबरे, लोहगाव. तुमच्या कंपनीची बस रोज याच गावांच्या अंगावरून जाते.

आणि जाती बघा. तेली, वाणी, माळी, कासार, कुलकर्णी. एका ओळीत उभे राहून एकच ठेका धरणारे. फार फुगवून सांगायची गरज नाही: यादीत एकही बाई नाही आणि बाकीच्या गावात ज्याचा त्याचा पाणवठा तसाच वेगळा आहे. पण या देवळात, या रात्रीपुरतं, मल्हारपंतांच्या खांद्याला संताजीचा खांदा लागतोय. १६४५ मध्ये हे काही थोडं नाही.

देहू, त्याच रात्री

देवळात शिरलात की आधी कामाची माणसं दिसतात. मृदंगवाला मांडी घालून बसलाय, धुमेवर ओली कणीक थापतोय. थोडी थापायची, बोटाने थाप मारून ऐकायचं, पुन्हा चिमूटभर काढायची. कणीक जास्त झाली तर आवाज बसतो, कमी झाली तर फुटतो. दुसऱ्या तोंडाला शाई, तिकडे हातोडीने गठ्ठे ठोकून सूर मिळवायचा. आजच्या कार्यक्रमाआधी साउंड चेकला जातो तेवढाच वेळ इथे जातो. कुणी घाई करत नाही.

तुमच्या हातात कुणीतरी टाळाची जोडी ठेवतं. काशाचे, वाटतात त्यापेक्षा जड. मधल्या भोकातून ओवलेली दोरी बोटांना गुंडाळायची, तळवा टाळाला लागू द्यायचा नाही, नाहीतर नाद मरतो. कडेवर कड सरळ आपटलीत तर भांडं पडल्यासारखा आवाज येतो. किंचित तिरकी धरली तरच टाळ बोलतो. शेजारचा म्हातारा तुमच्याकडे बघून हसतो.

"पाव्हणं, घाई नका करू. आधी ऐका. टाळ आपला कानानं वाजतो, हात नुसता हलतो."

तुकोबा उभे राहतात. गळ्यात वीणा, अंगावर साधं उपरणं. चरण म्हणतात आणि मागे वळून न बघता थांबतात. मागून चौदाजण ध्रुपद उचलतात. पुन्हा चरण, पुन्हा ध्रुपद. पुढे एक माणूस आहे, पण गाणं उभं आहे ते मागच्यांवर. पुढच्याला श्वास घ्यायला, पुढची ओळ आठवायला, एखाद्या शब्दाशी थबकायला जी जागा मिळते ती हे मागचे करून देतात. ध्रुपद ढिलं पडलं तर कीर्तन तिथेच बसलं.

हे तुकोबांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी स्वतःच्या अभंगात सांगून ठेवलंय की सुरुवातीला त्यांनी संतांची वचनं पाठ केली आणि दुसऱ्याच्या कीर्तनात मागे उभं राहून ध्रुपद धरलं. म्हणजे आज जग ज्यांना ओळखतं ते गायक मुळात टाळकरी. दुष्काळात दुकान बुडालं, पहिली बायको आणि मुलगा गेला, कर्जदारांचे कागद इंद्रायणीत सोडले आणि मग मागच्या रांगेत जाऊन उभे राहिले. पुढे यायला वर्षं लागली. गाणाऱ्याला मागच्यांची किंमत कळते ती अशी.

बिदागीचं विचारू नका. कीर्तनाचे पैसे घेणाऱ्याला तुकोबांनी अभंगांतून चांगलंच फटकारलंय. म्हणून बँडातला प्रत्येकजण दिवसा दुसरं काम करतो. घाणा, शेत, दुकान, कुलकर्ण्याचं दप्तर. रात्र गाण्याची. घरी याचे पडसाद उठतातच. शिवबा कासाराचं धंद्यातलं लक्ष उडालं म्हणून त्याच्या बायकोने घरी आलेल्या तुकोबांच्या अंगावर कढत पाणी ओतल्याची कथा संतचरित्रकार महिपतींनी पुढच्या शतकात लिहून ठेवली. खरंखोटं देव जाणे, पण बँडमध्ये नवरा असलेल्या कुठल्याही बाईला ती ऐकून नवल वाटणार नाही.

श्रोत्यांत एक तरुण ब्राह्मण स्त्री आहे. बहिणाबाई. तुकोबांना गुरू मानून नवऱ्यासह देहूला आली, तेव्हा शूद्राचं शिष्यत्व पत्करलं म्हणून मंबाजी गोसाव्याने तिला किती छळलं, हे तिने स्वतःच्या अभंगांत नोंदवलंय. या बँडला पहिल्या रांगेतून ऐकलेल्या माणसाने स्वतः लिहिलेलं इतकं जवळचं दुसरं काही क्वचितच सापडेल, आणि ते एका बाईने लिहिलेलं आहे.

बंदीची गोष्टही याच गावात घडते. शूद्राने असं काव्य करू नये, असा निर्णय वाघोलीच्या रामेश्वरभटांनी दिला आणि वह्या इंद्रायणीत गेल्या. तुकोबा नदीकाठी तेरा दिवस अन्नपाण्यावाचून बसले. वह्या कोरड्या वर आल्या, असं भाविक सांगतात. त्या चमत्काराइतकीच मोठी गोष्ट पुढे आहे. ज्याने वह्या बुडवायला लावल्या तो रामेश्वरभट पुढे शिष्य झाला आणि चौदा टाळकऱ्यांच्या यादीत त्याचं नाव आलं. बंदी घालणाराच शेवटी बँडमध्ये सामील झाला. असं दुसरीकडे घडल्याचं मला माहीत नाही.

सुदुंबरे, पहाटेच्या आधी

कीर्तन संपलं, लोक पांगले. तुम्ही संताजीच्या मागे सुदुंबऱ्याला आलात. तो झोपत नाही. बोरू घेतो, शाई ढवळतो, समोर समई. समईत तेल त्याच्याच घाण्याचं, शाईतलं काजळही तेलाच्याच दिव्यावर धरलेलं. रात्री ऐकलेलं तो आठवून लिहितो. एखाद्या शब्दाशी थांबतो, ओठांनी ध्रुपद पुटपुटतो, मांडीवर बोटांनी ठेका धरतो, आणि ठेक्याबरोबर शब्द येतो. गंगाराम मवाळही असंच लिहून घेत. एकाचं चुकलं तर दुसऱ्याकडे मिळावं.

गाणाऱ्याला आपलं गाणं टिपून ठेवायला सवड नसते. ते काम मागच्याला करावं लागतं.

देहू, फाल्गुन वद्य द्वितीया, शके १५७१

म्हणजे १६५० चा मार्च. तुकोबा गेले. वारकरी याला वैकुंठगमन म्हणतात. तुम्ही गर्दीत आहात, पण बघायचं ते कान्होबांकडे. भावाच्या जाण्यावर त्यांनी केलेले अभंग गाथ्यात आहेत. त्यात भक्ती आहे, आणि देवावरचा सरळ सरळ रागही आहे.

आता चौदाजणांपुढे तोच प्रश्न आहे जो १९७७ मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल गावच्या लिनर्ड स्किनर्ड या बँडपुढे आला. २० ऑक्टोबरला त्यांचं विमान कोसळलं, गायक रॉनी व्हॅन झँट आणि गिटारवादक स्टीव्ह गेन्स गेले. बँड बंद झाला. दहा वर्षांनी, १९८७ मध्ये, रॉनीचा धाकटा भाऊ जॉनी माइकपुढे उभा राहिला आणि बँड पुन्हा निघाला. देहूत हेच काम मुलाने केलं. तुकोबा गेले तेव्हा त्यांच्या पत्नी जिजाबाई गरोदर होत्या. पुढे जन्मलेल्या नारायणबुवांनी वडिलांचा आवाज कधी ऐकला नाही. त्यांना जे मिळालं ते टाळकऱ्यांच्या तोंडून आणि वह्यांतून. १६८५ मध्ये त्यांनी ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवल्या आणि दिंडी पंढरीला निघाली. एका देवळातला बँड आता रस्त्यावर आला. दौरा सुरू झाला तो आजतागायत.

रस्त्यावर, १८३० नंतर

इथून पुढची दीडशे वर्षं भराभर ओलांडा. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी राहिलेले साताऱ्याकडच्या आरफळचे हैबतबाबा यांनी आळंदीहून ज्ञानोबा माउलींची पालखी वेगळी काढली आणि सोहळ्याला शिस्त लावली. दिंड्यांचे क्रम ठरले, मुक्काम ठरले, कुठे कुठली चाल म्हणायची तेही ठरलं. घोडे आणि तंबू सीमेपलीकडच्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून. दौऱ्याचं व्यवस्थापन म्हणतात ते हेच.

मुंबई १८६९, ठाणे १९१९

छापखान्याच्या शाईचा वास. मुंबई सरकारच्या शिक्षण खात्याचे संचालक सर अलेक्झांडर ग्रँट यांच्या पुढाकाराने चोवीस हजार रुपये मंजूर झालेत आणि इंदुप्रकाश छापखान्यातून गाथा दोन खंडांत बाहेर पडतेय. संपादक विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित. त्यांनी जमवलेल्या पोथ्यांत पाठभेदांचा डोंगर. दोनशे वर्षं हजारो लोकांनी गायलेली गाणी. प्रत्येक गावाने एखादा शब्द आपल्या जिभेला सोयीचा करून घेतलेला.

पन्नास वर्षं पुढे जा. 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे यांच्या टेबलावर जगनाड्यांच्या घराण्यातून मिळालेल्या संताजीच्या वह्या आहेत. त्यांवरून त्यांनी 'तुकारामबुवांचा अस्सल गाथा' छापला. त्यात अभंग तेराशेच्या आसपास. १९५० च्या सरकारी प्रतीत ४६०७. कुठला आकडा खरा, यावर विद्वान भांडतील. तुम्ही वहीवर वाका. अक्षर ठसठशीत आहे, शुद्धलेखन बोलण्यासारखं. तेलाच्या हिशेबात मुरलेल्या हाताने हे लिहिलंय, आणि या टापूतली कविता त्यावर तगली. टपाल खात्याला संताजीवर तिकीट काढायला २००९ उजाडावं लागलं.

१९३६ मध्ये पुण्यात प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' निघाला. दामले-फत्तेलाल दिग्दर्शक, विष्णुपंत पागनीस तुकोबा. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात तो गौरवला गेला. त्यात शांताराम आठवल्यांनी लिहिलेला एक 'अभंग' आहे. तो इतका अस्सल वाटला की लोक गाथ्यात शोधत बसले. बँडच्या शैलीत नवं गाणं कुणी लिहावं आणि ते जुनंच वाटावं, याहून मोठी पावती बँडला कुठली?

आकुर्डी, आज

तुम्ही परत आलात. मध्ये टापू बदलला. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, मग आकुर्डीला बजाज, मग टेल्को. १९८२ मध्ये महापालिका झाली. मराठवाडा, खानदेश, सातारा, विदर्भ, सगळीकडून माणसं कामाला आली आणि येताना आपापल्या गावची चाल घेऊन आली. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ कामगारांच्या भजनस्पर्धा घेतं. तिथे दिवसा लेथवर उभा राहिलेला माणूस संध्याकाळी मृदंगावर बसतो, आणि महिलांची मंडळं वेगळी उतरतात. चौदांच्या यादीत जे नव्हतं ते इथे आहे, आणि त्यांचा टाळ कित्येकदा पुरुषांपेक्षा पक्का असतो.

मुंबईकडची 'अभंग रिपोस्ट'सारखी तरुण मंडळी गिटार आणि बेस घेऊन अभंग गातात. काही जुन्या लोकांना ते रुचत नाही. पण हातात टाळ घेऊन एकदा ऐका. गिटारवाला ध्रुपदाला मागेच थांबतो, गाणाऱ्याला जागा करून देतो. मागच्या रांगेची रीत त्याला समजली असेल तर वाद्य कुठलं हा प्रश्न दुय्यम.

आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी देहूतल्या इनामदारवाड्यातला मुक्काम आटोपून निगडीवरून आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात येते. मुक्कामाची रात्र आहे. मंदिराच्या बाजूच्या गल्लीत, एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये, कामगारांचं भजनी मंडळ बसलंय. कंपनीचा निळा शर्ट अजून अंगात असलेला एकजण मृदंगाच्या धुमेवर कणीक लावतोय. दोघांचे टाळ आहेत, हात कमी पडतायत. तुम्ही जोडी उचलता, दोरी बोटांना गुंडाळता, कड तिरकी धरता. पहिल्या ध्रुपदाला थांबता, ऐकता, दुसऱ्याला आत शिरता. बाजूचा मान डोलावतो. चुकलेलं नाही.

साडेअकरा वाजतात. वीणेकरी घड्याळ बघतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, "फर्स्ट शिफ्टवाले निघा घरी. बाकीच्यांनी चाल उचला."

कुणीच उठत नाही.